फ्लॉक्स उन्हाचं झाड आहे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत उभा मारुती चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये घरामागची परडी आता फारशी उरली नाहीत, फुलझाडं गच्चीवर गेली. तिथं हिवाळ्यात फ्लॉक्सच्या कुंड्या हमखास दिसतात. आणि दरवर्षी कुणीतरी काकी विचारतात, "गणपतीतच बी टाकलं होतं हो, रोपं माना टाकून का गेली?"

लवकर पेरलं की लवकर फुलं, हा पहिला गैरसमज. गणपतीत कोल्हापूरचा पाऊस गेलेला नसतो. कुंडीतली माती सतत ओली राहते आणि कोवळी रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. मीही एका वर्षी पूर्ण तरू असं घालवलं आहे. बी टाकायचं ते पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. मग डिसेंबरच्या मध्यापासून फुलं सुरू होतात. दिवाळीला फ्लॉक्स फुलावा हा हट्ट सोडलेला बरा.

दुसरी चूक बी मातीवर नुसतं भुरभुरवण्याची. काही हंगामी फुलांचं बारीक बी उजेडात रुजतं, फ्लॉक्सला मात्र अंधार लागतो. अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती किंवा गांडूळ खत वरून पसरावं आणि ओलसर गोणपाट झाकून कुंडी सावलीत ठेवावी. दहा ते पंधरा दिवसांत कोंब वर येतात. कोंब दिसला की गोणपाट त्याच दिवशी काढायचा, नाहीतर रोपं पांढरट आणि लांबुडकी होतात. चार-सहा पानांवर असताना मुळाशी मातीचा गड्डा ठेवून रोप हलवावं. मुळं उघडी पडलेली या झाडाला सोसत नाहीत.

सगळ्यात खोल रुजलेली समजूत म्हणजे हे विलायती, थंड हवेचं नाजूक झाड, म्हणून सावलीत ठेवायचं. हिवाळी फ्लॉक्सचं मूळ गाव अमेरिकेतलं टेक्सास, तिथली वाळूसर माळरानं. थॉमस ड्रमंड हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक 1833-34 मध्ये तिथं हिंडला आणि त्यानं बी ब्रिटनला धाडलं. 1835 मध्ये तो क्यूबात वारला. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी या झाडाला त्याचं नाव दिलं, फ्लॉक्स ड्रमंडाय. फ्लॉक्स म्हणजे ग्रीक भाषेत ज्वाळा. अशा माळावरच्या झाडाला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीत ते नुसतं उंच होतं.

माळाची सवय मातीलाही लागू पडते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळल्याशिवाय फ्लॉक्स लावू नये. युरिया तर अजिबात नको. पानं हिरवीगार होतात, फुलं रुसतात.

रोप बोटभर झालं की शेंडा खुडावा. हे सांगितलं की लोकांना जिवावर येतं, पण बाजूच्या फांद्या तेव्हाच फुटतात आणि कुंडी भरते. वाळलेले गुच्छही काढत राहावेत.

जानेवारीत पानांवर पांढरी पूड दिसते. ती धूळ नव्हे, भुरी आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, तो तिला चांगलं ओळखतो (द्राक्षावरची बुरशी वेगळी, पण जातकुळी तीच). पानांवर पाणी पडल्यामुळेच भुरी येते असं मानतात. खरं तर तिला ओलं पान लागत नाही, दाटी आणि कोंदट हवा पुरते. म्हणून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावं आणि रोगट पानं काढून टाकावीत. गंधक फवारायचं असेल तर थंड वेळी, भर उन्हात पानं करपतात.

मार्चअखेर झाड पिवळं पडू लागलं की पाणी वाढवून ते वाचत नाही. हे एकाच हंगामाचं झाड. वर्षानुवर्षं जगणारा बागेतला उंच फ्लॉक्स ही वेगळी जात, तिच्याविषयी वाचलेलं इथं लागू होत नाही.

झाड वाळण्याआधी बी मात्र धरावं. बोंडं गवती रंगाची झाली की कागदी पाकिटात काढून ठेवायची, कारण पिकलेलं बोंड फुटून बी उडवतं. रंग मिसळतात, लाल झाडाच्या बियांतून गुलाबीही निघेल. पाकीट दुपारी गच्चीच्या सावलीत ठेवलं की आत तडतड ऐकू येते.