लाखेचे पॉलिश: दशकांनंतरही विरघळणारा थर

जुने सागवानी किंवा शिसवी कपाट काळवंडले की ते खरवडून नव्याने पॉलिश करावे, हाच विचार बहुतेकांच्या मनात आधी येतो. तसे करण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. 19व्या शतकात किंवा 20व्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेल्या चांगल्या कपाटावर लाखेचे पॉलिश असण्याची शक्यता मोठी असते. लाखेचा एक गुण अद्भुत आहे. वाळून कडक झालेला तिचा थर कित्येक दशकांनंतरही स्पिरिटने पुन्हा मऊ होतो. म्हणजे मूळ पॉलिश काढून न टाकता त्याच थराला उजाळा देता येतो.

लाख तयार करणारा केरिया लाक्का हा कीटक भारतातल्या पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर वाढतो. त्याची लालसर पिल्ले मिलिमीटरहूनही लहान असतात. कोवळ्या फांदीत सोंड रुतवून ती रस शोषतात, अंगातून राळ स्रवतात आणि त्या राळेच्याच कवचात राहतात. मादी एकदा बसली की आयुष्यभर जागा सोडत नाही. असंख्य कवचे एकमेकांना चिकटली की फांदीभोवती लाखेचा जाड थर तयार होतो. पळस आणि बोरीवरची लाख रंगीनी, तर कुसुमावरची कुसुमी. झारखंड आणि छत्तीसगड ही लाखेची प्रमुख राज्ये. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली संशोधन संस्था स्थापन झाली.

फांद्यांवरून काढलेली लाख भरडून धुतली की तिच्यातला लाल रंग पाण्याबरोबर निघून जातो आणि दाणे उरतात. पारंपरिक पद्धतीत हे दाणे लांबलचक कापडी पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर धरतात आणि पिशवीला पीळ देतात. वितळलेली लाख कापडातून पाझरते. कारागीर तो गरम गोळा हात, पाय आणि दात यांनी ताणून त्याची पातळ चादर करतो. ती निवली की तिचे तुकडे पाडतात. हाच सुतारांचा चपडा. 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांतही हीच लाख वापरली जाई.

19व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात फ्रेंच पॉलिशची पद्धत रूढ झाली. त्याआधी लाकडावर मुख्यतः मेण किंवा तेलाचे वार्निश चढवत. नव्या पद्धतीत चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून ते द्रावण कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवतात. बोळा अडकू नये म्हणून त्याला थेंबभर तेल लावतात. कधी गोलाकार, कधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरतो. प्रत्येक फेरीत नव्या द्रावणातले स्पिरिट खालच्या लाखेला किंचित मऊ करते आणि नवी लाख तिच्यात मिसळून जाते. कितीही हात मारले तरी शेवटी एकच अखंड, काचेसारखा नितळ थर उरतो, आणि त्याची दुरुस्तीही याच गुणामुळे शक्य होते. 1920च्या दशकापासून फवारून लावायचे, झटपट वाळणारे सेल्युलोज लॅकर कारखान्यांत आले आणि हे संथ हातकाम मागे पडले.

म्हणून पहिले काम थर ओळखण्याचे. कपाटाच्या मागच्या बाजूला किंवा दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटने ओलावलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख समजावी. स्पिरिटला दाद न देता लॅकर थिनरने मऊ पडला तर बहुधा सेल्युलोज लॅकर, आणि दोन्हींनी विरघळला नाही तर तेलाचे वार्निश किंवा पॉलियुरेथेन. संग्रहालयातले संवर्धक अतिनील दिव्याचीही मदत घेतात. त्या प्रकाशात लाख नारिंगी झळकते आणि इतर थर वेगळ्या छटा दाखवतात. त्यामुळे नंतर कुठे डागडुजी झाली, तेही कळते.

साफसफाई सर्वांत सौम्य उपायापासून सुरू करावी. आधी कोरड्या मऊ ब्रशने नक्षीतली आणि बिजागऱ्यांभोवतीची धूळ काढावी. मग सुती कापडावर थोडे टर्पेंटाइन घ्यावे. त्याने जुने मेण आणि हाताचा तेलकटपणा विरघळतो, लाखेला मात्र धक्का लागत नाही. एवढ्यानेच पुष्कळदा काळपट आवरण जाऊन लाकडाची रेषा दिसू लागते. मळ उरला तर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले कापड फिरवावे आणि जागा लगेच कोरडी करावी. अमोनिया किंवा धुण्याचा सोडा कटाक्षाने टाळावा, कारण लाख क्षारीय द्रवातही विरघळते.

या कामातले एक साधन अगदी अनपेक्षित आहे: माणसाची लाळ. कापसाच्या काडीला लाळ लावून मळ पुसण्याची संवर्धकांची जुनी पद्धत पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी अभ्यासली आणि 1990 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लाळेच्या या गुणाचे श्रेय त्यांनी मुख्यतः तिच्यातल्या अमायलेज या विकराला दिले. या कामाला 2018चा इग नोबेल मिळाला.

ओल्या पेल्याने किंवा गरम कपाने उमटलेला पांढरा डाग बहुधा लाखेच्या वरच्या थरात अडकलेल्या ओलाव्यामुळे दिसतो. जेमतेम ओलसर वाटेल इतकेच स्पिरिट लावलेला बोळा त्यावरून न थांबता फिरवला की तो पुष्कळदा नाहीसा होतो. बारीक भेगांचे जाळे पडले असेल, तर थोडे जास्त स्पिरिट देऊन थर मऊ करतात, म्हणजे तो पुन्हा सलग होतो. त्याआधी मळ आणि मेण पूर्ण निघालेले असले पाहिजे, नाहीतर तो मळ लाखेत कायमचा मिसळतो. फार जुनी लाख काळानुसार घट्ट होत जाते आणि स्पिरिटनेही हळूहळूच मऊ पडते. तिथे घाई करू नये. स्पिरिट आणि टर्पेंटाइन दोन्ही ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

जवसाचे तेल, व्हिनेगर आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण चोळण्याचा घरगुती उपाय पूर्वी सर्रास सुचवला जाई. सुरुवातीला त्याने लाकूड तजेलदार दिसते. पण जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते, धूळ धरते, काळे पडते आणि पुढे ते काढणे अतिशय कठीण होऊन बसते. त्यात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटूही शकतो. त्यापेक्षा शेवटी मेणाचा एक पातळ हात पुरेसा आहे.

पॉलिश पेपरने घासले की लाखेबरोबर लाकडाचा वरचा पापुद्राही जातो. प्रकाश आणि हवेने वर्षानुवर्षे मुरलेला रंग आणि कारागिराच्या रंध्याच्या खुणा त्याच पापुद्र्यात असतात. नवे पॉलिश केव्हाही चढवता येते, हा पापुद्रा मात्र एकदा गेला की परत येत नाही. म्हणून सौम्य उपायाने काम भागले की तिथेच हात थांबवावा. कपाटाचे वय दिसले तरी चालेल, त्याचा मूळ थर टिकला पाहिजे.