आगोटीची बेगमी

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मे महिना उजाडला की घरोघरी आगोटीची बेगमी सुरू होते. सुकट, बोंबील, सोडे डब्यांत जातात, कांद्याच्या माळा आढ्याला लटकतात, आमसुले, पापड, मीठ, सरपण आपापल्या जागी विराजमान होतात. चार महिने बाहेरचे जग तुटले तरी चूल अडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. या यादीत आमच्या आज्या-पणज्यांनी विजेची सोय कधी धरली नाही, कारण वीजच नव्हती. आता ती आहे, आणि म्हणूनच ती जाते.

ती किती जाऊ शकते हे आम्हांला ३ जून २०२० रोजी कळले. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरच्या वाऱ्याने मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि पडताना त्या झाडांनी विजेचे खांबही सोबत घेतले. कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. त्यात टाळेबंदी. मुंबईतली मुले येऊ शकत नव्हती आणि फोन लागत नसल्याने आईबाप कसे आहेत हे त्यांना कळतही नव्हते. अष्टागरातल्या वाड्यांत पूर्वी राहाट असत. बैल फिरला की पाणी वर येई. पंप आले आणि राहाट गेले. त्या जूनमध्ये विहिरीत पाणी होते, ते वर काढणारा कोणी नव्हता.

आमच्या आळीत एका आजींना दम्यासाठी नेब्युलायझर लागतो. घरात इन्व्हर्टर होता, पण पहिल्याच रात्री बॅटरीने मान टाकली. पुढे गावात टेम्पोवरचा जनरेटर तास-दोन तास येई. तेवढ्यात पाण्याची टाकी भरायची, मोबाइल चार्ज करायचे आणि बॅटरीलाही चार घोट पाजायचे. बॅटरी मात्र घाईघाईने पिणारी नव्हती. आजी निभावल्या, पण त्या दिवसांपासून मी या काळ्या पेटीकडे बँकेच्या माणसाच्या नजरेने पाहू लागलो.

शिसे आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली तयार केली. आपल्या बहुतेक घरांत आजही तिचाच वंश नांदतो. ही बॅटरी म्हणजे किमान शिल्लक फार मोठी ठेवावी लागणारे खाते. पेटीवर १५० अँपिअर-तास आणि १२ व्होल्ट लिहिलेले असते. गुणाकार केला की १,८०० वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटच्या वर. पण त्यातले निम्म्याहून अधिक वारंवार काढले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. हाती उरतात ९०० वॅट-तास. शिवाय पूर्ण भरायला आठ-दहा तास, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर, आणि खाऱ्या हवेत टर्मिनलवर धरणारा हिरवा-पांढरा थर.

आता बाजारात आलेली लिथियम बॅटरी या खात्याचे नियमच बदलते. घरासाठी जी घ्यावी तिचे पूर्ण नाव लिथियम आयर्न फॉस्फेट. हे रसायन १९९०च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आले. लिथियम बॅटरीच्या कामाबद्दल त्यांना २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, नोबेल मिळाले. आम्हां निवृत्तांना धीर देणारी बातमी! या बॅटरीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार जोडले की १२.८. शंभर अँपिअर-तासांच्या पेटीत १,२८० वॅट-तास मावतात आणि त्यातले ऐंशी-नव्वद टक्के निर्धास्त काढता येतात. वजन बारा-पंधरा किलो. जुनी पेटी पन्नासच्या पुढे. म्हणून ती भिंतीवर, पुराच्या पाण्याच्या वर बसवता येते. किनाऱ्यावर हा गुण लहान नाही.

परदेशात मोटारहोम म्हणजे चाकांवरची घरे असतात. त्यांत दोन बॅटऱ्या ठेवतात: एक इंजिन सुरू करणारी, दुसरी घरची, दिवे-पंखे-फ्रीज चालवणारी. वजन आणि जागा दोन्हींची चणचण असल्याने हे लोक घरच्या बॅटरीसाठी लिथियमकडे वळले. त्यांना एक धडाही मिळाला. लिथियम इतक्या भुकेने वीज घेते की गाडीचा आल्टरनेटर तापून बसतो. मध्ये आवर घालणारा वेगळा चार्जर लावावा लागतो. महाराष्ट्रानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा हा धडा आपल्याही कामाचा.

घरातही तेच. जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून फक्त पेटी बदलू नये. शिशाच्या बॅटरीसाठी काही इन्व्हर्टर मधूनमधून जास्त दाबाने चार्जिंग करतात; लिथियमला ते चालत नाही. पेटीतला पहारेकरी, म्हणजे बीएमएस, अशा वेळी दार लावून घेतो आणि घर अंधारात बसते. इन्व्हर्टरवर लिथियमची सोय आहे का हे आधी विचारावे. चार्जर दणकट असेल तर दोन-चार तासांत पेटी भरते. साधा असेल तर ही बॅटरीही रात्रभर घेणार. जनरेटर तासभरच येणार असेल तेव्हा सारा फरक इथेच पडतो.

आता पैशांचे. भाव बदलत राहतात, म्हणून उदाहरणादाखल धरू. शिशाची बॅटरी पंधरा हजारांना घेतली आणि चार वर्षे टिकली, तर वर्षाला ३,७५० रुपये. लिथियम तीस हजारांना घेतली आणि दहा वर्षे टिकली, तर ३,०००. पण वरचे पंधरा हजार सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १,०५० व्याज आले असते. म्हणजे हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. जिथे वीज महिन्यातून एकदा अर्धा तास जाते, तिथे जुनी बॅटरी मुळीच वाईट नाही. आमच्यासारख्या, झाडांखालून तारा गेलेल्या गावात मात्र तराजू झुकतो.

तरीही पहिला खर्च बॅटरीवर करू नये. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दोन नवे पंखे, तीन एलईडी दिवे आणि थोडे चार्जिंग मिळून शंभर वॅट. दहा तासांची रात्र एका युनिटात निघते. जुन्याच पंख्यांवर तीच रात्र जवळजवळ दोन युनिटे मागते. आधी गळकी घागर बुजवावी, मग मोठी घ्यावी.

छपरावर सौर पॅनेल लावलेल्यांनीही सावध असावे. नुसते विजेच्या जाळ्याला जोडलेले पॅनेल वीज गेली की स्वतःहून बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून. ऊन टळटळीत आणि घरात अंधार, असा प्रकार टाळायचा तर बॅटरी चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा.

लिथियम म्हटले की लोक पेटलेल्या मोबाइलची आठवण काढतात. लोह-फॉस्फेटचा स्वभाव त्या मानाने शांत आहे, पण सुटे सेल जोडून कोणी स्वस्तात पेटी करून देत असेल तर नमस्कार करून पुढे जावे. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्याकडे अंगणात फोडू देऊ नये. ते आम्ल आणि शिसे शेवटी आपल्याच विहिरीत उतरते. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना दुकानदाराकडे जुनी सोपवावी आणि पावती मागावी.

आणि हे सारे मेच्या अखेरीपर्यंत उरकावे. वादळाचा इशारा आल्यावर इलेक्ट्रिशियन मिळत नाही. एखाद्या रविवारी घराचा मेन स्विच संध्याकाळी स्वतःच बंद करावा आणि सकाळपर्यंत काय चालते, काय थांबते ते पाहावे. घरात औषधाचे यंत्र असेल तर तेही लावून पाहावे. मुलांना फोन करून सांगण्यासारखी ती गोष्ट असेल.