लाइट लागतात, मग सेल्फ का घेत नाही?

दिवाळीच्या आगेमागे धामणगाव रेल्वेत कापसाची आवक सुरू झाली, की पावसाळाभर उभे असलेले जुने ट्रक बाहेर निघतात. त्यांत अजून एखादा टाटा १२१० दिसतो. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले, त्याच घराण्यातला. किल्ली फिरवावी तर ‘टक्’ होतं आणि पुढे काहीच नाही. ‘‘लाइट तं लखलख लागून राह्यले भाऊ, मंग सेल्फ काहून नाही घेऊन राह्यला?’’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे.

बारा व्होल्टच्या गाडीत हेडलाइटच्या जोडीला दहाएक अँपिअर पुरतात. थंड डिझेल इंजिन फिरवायला सेल्फची मोटर मात्र शेकड्यांनी अँपिअर ओढते. छोट्या मोटरला काही सेकंदांपुरता प्रचंड प्रवाह द्यायचा, ही चार्ल्स केटरिंगची युक्ती. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ती प्रथम आली आणि हँडल मारणं सुटलं. आता समजा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढून ०.०१ ओहमचा रोध तयार झाला. दहा अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट पडतो. दिव्याला पत्ताही लागत नाही. ३०० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट जातात. म्हणजे ९०० वॅट उष्णता, एका इस्त्रीएवढी, त्या इवल्याशा सांध्यात. जुने मिस्त्री सेल्फ मारून झाल्यावर सांध्यांना हात लावून बघतात ते यासाठीच.

म्हणून नुसती उभ्या गाडीची बॅटरी मोजून भागत नाही. १२.६ व्होल्ट दिसले तरी तो आकडा प्रवाह नसतानाचा. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे!), दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर चोर त्याच वाटेवर आहे. मग ऋण खुंट ते सेल्फची बॉडी, हेही मोजा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं; परतीचा प्रवाह चेसिसपर्यंत नेणारी अर्थची पट्टी गंजली, की तो ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते. ही पट्टी सगळ्यात जास्त दुर्लक्षित, आणि मला विचाराल तर सगळ्यात आधी बघण्यासारखी.

‘टक-टक-टक’ अशी फडफड झाली तर सोलेनॉइड (सेल्फला प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज कोसळतं, तो सोडतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. बहुधा बॅटरी खाली गेलेली असते किंवा सांधा सैल असतो. एकच ठोस ‘टक्’ आला आणि लाइट जराही मंदावले नाहीत, तर प्रवाह मोटरपर्यंत पोचतच नाही: सोलेनॉइडचे संपर्क जळालेत किंवा कार्बन झिजलेत. लाइट पार विझत आले, तर बॅटरी संपलीय किंवा मोटर अडकलीय. थांबलेल्या मोटरमध्ये विरोधी दाब तयार होत नाही, म्हणून ती सर्वांत जास्त प्रवाह खाते. तेव्हा किल्ली धरून ठेवू नका.

पान्याने सोलेनॉइड जोडून बघण्याची सवय वाईट. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते. टर्मिनल साफ करताना अर्थ आधी काढा आणि शेवटी जोडा, म्हणजे पाना चेसिसला टेकला तरी बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडणार नाही.