जेझुइटाचे पुराण, प्रोटेस्टंटाचा शोध

१५८३ सालच्या अखेरीस होर्मुझहून आलेल्या जहाजातून चार इंग्रज कैदी गोव्यात उतरवण्यात आले. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. हेर असल्याच्या संशयावरून पोर्तुगिजांनी त्यांना होर्मुझला पकडले होते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि हे चौघे राणी एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमधून आलेले. कॅथलिकांच्या लेखी पाखंडी. त्यांच्या सुटकेसाठी ज्या दोन जेझुइट धर्मगुरूंनी खटपट केली, त्यांतले एक फ्लेमिश होते आणि दुसरे सासष्टीत काम करणारे इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या रदबदलीने जामिनाची सोय झाली आणि नाताळच्या तोंडावर कैदी बाहेर आले. स्टोरी जेझुइटांच्या चर्चमध्ये चित्रे काढायला राहिला. उरलेले तिघे पुढच्या वर्षी गोव्यातून निसटले. फिच अनेक वर्षांनी लंडनला परतला आणि आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने या मदतीची नोंद करून ठेवली.

मराठी वाचक फादर स्टीफन्सना ओळखतात ते ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून. त्यांनी केलेले मराठीचे कौतुक शाळेपासून आपल्या कानावर पडते. पण मला त्यांची ओढ लागली ती या कैद्यांच्या हकिगतीमुळे. स्टीफन्स स्वतः कॅथलिक म्हणून इंग्लंड सोडून आले होते. विल्टशरमधल्या बुश्टन या खेड्यात, १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. थॉमस पाउंड या मित्राबरोबर, त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन ते इंग्लंडभर हिंडले. पाउंड पकडला गेला आणि वर्षानुवर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स रोमला पोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट झाले. त्यांच्याच संघातले फादर एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये टायबर्नला फाशी देण्यात आली. या गोष्टीला जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या राजवटीने आपल्या माणसांना फासावर चढवले, त्याच राजवटीची माणसे स्टीफन्ससमोर कैदी होऊन आली. त्यांनी कडी उघडायला मदत केली.

१५८३ मध्ये आणखीही बरेच काही घडले होते. जुलैमध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्या आधी पोर्तुगिजांनी त्या परिसरातली देवळे पाडली होती, हे सांगितल्याशिवाय ती हकिगत पुरी होत नाही. नंतर गावच्या पुढाऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी त्यांचा जीव घेतला. कुंकळ्ळीहून आपल्या सोबत्यांची प्रेते आणण्याचे काम स्टीफन्सनीच केले होते. आणि ऑक्टोबरमध्ये, एवढे सगळे भोवती असताना, त्यांनी पॅरिसमधल्या आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात इथल्या भाषांबद्दल मजकूर आहे. या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते मांडले ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. रक्तपाताच्या त्या वर्षात एक माणूस शांतपणे क्रियापदांकडे पाहत होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापून निघाले. म्हणजे गोव्यात पाऊल ठेवल्यापासून सदतीस वर्षांनी. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात नवा, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. जुनी पुराणे आमच्याकडून गेली, त्यांच्या जागी वाचायला आम्हाला काही द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी ग्रंथाच्या सुरुवातीलाच आली आहे. ती पुराणे कशी गेली हे आपल्याला ठाऊक आहे. पोथ्या बाळगणे गुन्हा ठरले होते. ख्रिस्तपुराणाचे कौतुक करताना ही दुखरी बाजू झाकू नये असे मला वाटते. स्टीफन्सनी ती झाकलेली नाही, मागणी तशीच्या तशी ग्रंथात ठेवली. शुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही म्हणून आपण ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असेही ते सांगतात. ती बोली म्हणजे कोकणी. तिचे व्याकरणही त्यांनीच लिहिले. ते छापले गेले १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

त्यांची एक इच्छा मात्र पुरी झाली नाही. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहिले की, या देशाच्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापली जावीत असे मला कित्येक वर्षे वाटते आहे. अडचण त्यांनीच सांगितली आहे. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतात. जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, प्रत्येकाचा वेगळा साचा. ते साचे कधी ओतलेच गेले नाहीत. मराठी भाषेचा हा थोर ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला गेला आणि तरीही या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती नाही.

ग्रंथ टिकला तो हाताने नकलून घेणाऱ्यांमुळे. पोर्तुगिजांनी १६८४ मध्ये कोकणी वापरण्याविरुद्ध हुकूम काढला, तरी ओव्या म्हटल्या जात राहिल्या. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या. टिपूच्या कैदेत, १७८४ ते १७९९ या काळात, श्रीरंगपट्टणला ना धर्मगुरू होते ना चर्च, तेव्हा हे पुराणच आधार झाले असे मंगळूरचे ख्रिस्ती लोक सांगत आले आहेत. मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये अशाच हस्तलिखितांवरून पुराणाची छापील आवृत्ती काढली. तीही रोमन लिपीत.

आणि इथे जस्टिन ॲबट येतात. हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रोटेस्टंट मिशनरी. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या या मिशनने अहमदनगर आणि सोलापूर भागात शाळा आणि चर्चेस उभारली. ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती आयुष्यही याच मिशनच्या सावलीत गेले. त्या काळच्या प्रोटेस्टंट मिशनरी लिखाणात रोमविषयी प्रेम नव्हते, आणि कॅथलिक लिखाणात प्रोटेस्टंटांविषयी तर नव्हतेच. ॲबट निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला गेले, पण मराठी त्यांनी सोडली नाही. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये विल्यम मार्सडेन या विद्वानाचा हस्तलिखितांचा संग्रह होता. त्यात ख्रिस्तपुराणाची देवनागरीतली प्रत असल्याचे ॲबट यांनी ओळखले आणि १९२३ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. रोमन प्रतींत धार्मिक संकल्पनांसाठी पोर्तुगीज आणि लॅटिन शब्द आहेत, तर या प्रतीत त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द. हीच मूळ संहिता असे ॲबट यांचे म्हणणे होते. त्या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एका जेझुइटाने सासष्टीत जे रचले त्याची देवनागरी प्रत जगासमोर आणायला एका प्रोटेस्टंटाने आपले उतारवय खर्ची घातले. याच माणसाने पुढे महिपतीची संतचरित्रे इंग्रजीत नेली. १९३२ मध्ये मरेपर्यंत तो मराठी संतांबरोबरच होता.

मी वसईची कॅथलिक. आमच्याकडे घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी आणि माझ्या आजीच्या तरुणपणी चर्चमध्ये लॅटिन. आजीने आयुष्यभर मिस्सा ऐकली, पण जन्मातला बराच काळ ती न समजणाऱ्या भाषेत ऐकली. तिला सांगितलेले असे की प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये पाऊल टाकू नये. हा काही गावठी समज नव्हता. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात इतर ख्रिस्ती पंथांच्या उपासनेत भाग घ्यायला कॅथलिकांना मनाई होती. पोप अकरावे पायस यांनी १९२८ च्या परिपत्रकात एकीसाठी भरणाऱ्या आंतरपंथीय मेळाव्यांपासून कॅथलिकांना दूर राहायला सांगितले. त्यांच्या मते एकीचा मार्ग एकच होता, वेगळे झालेल्यांनी रोमकडे परत यावे. आजीने ते निष्ठेने पाळले. तिच्या त्या निष्ठेला मी आज नावे ठेवणार नाही. पण अंगणापलीकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या प्रार्थनेला ती कधी बसू शकली नाही, याचे मला दुःख आहे.

तिच्या म्हातारपणी दोन्ही दारे एकदम उघडली. पोप तेविसावे जॉन यांनी व्हॅटिकन परिषदेची घोषणा केली ती २५ जानेवारी १९५९ रोजी, ख्रिस्ती एकीसाठी प्रार्थनेचा जो आठवडा असतो त्याच्या शेवटच्या दिवशी. परिषदेत इतर ख्रिस्ती पंथांचे निरीक्षक येऊन बसले. डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषा वापरायची वाट मोकळी झाली आणि वर्षभरात, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, ख्रिस्ती एकीविषयीचा आदेश २१३७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. त्यात चर्चने म्हटले की फुटीचा दोष दोन्ही बाजूंकडे जातो. की इतर पंथांत बाप्तिस्मा घेतलेले लोक ख्रिस्तात आपले भाऊबंद आहेत, जरी हे ऐक्य अजून पुरे नसले. आणि की पवित्र आत्मा त्यांच्यातही काम करतो. त्यानंतर अकराव्या दिवशी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले, युखरिस्ट परिषदेसाठी.

भाषा आणि शेजारी या दोन गोष्टींचे निर्णय एकाच परिषदेत व्हावेत हे मला योगायोगाचे वाटत नाही. लॅटिनमध्ये बंद असलेल्या चर्चला शेजारच्या घरी काय चालले आहे ते ऐकू येण्याची गरज नव्हती. मराठीत प्रार्थना सुरू झाली तेव्हा शब्द हवे झाले, आणि ते शब्द शतकभर घासूनपुसून ठेवलेले होते प्रोटेस्टंटांनी. सेरामपूरला विल्यम कॅरीने मराठी नवा करार मोडी लिपीत १८११ मध्येच छापला होता. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खे बायबल मराठीत आणले.

रमाबाईंकडे मी वारंवार वळते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा झाला, पण सिद्धांत निमूटपणे गिळायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून लगेच दुसऱ्याच्या हाती मान द्यायची नाही, हे त्यांनी तिथल्या सिस्टरांना स्पष्ट कळवले होते. ख्रिस्ती लोकांतले इतके पंथ पाहून त्या गोंधळल्याही होत्या. त्यांचे उत्तर वादात नव्हते, कामात होते. उतारवयात त्यांनी मूळ भाषा शिकून घेतल्या. ऐकू कमी येत होते, मनोरमा ही एकुलती मुलगी १९२१ मध्ये गेली, तरी भाषांतर थांबले नाही. साध्या घरच्या बाईला वाचता येईल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते बायबल १९२४ मध्ये पुरे छापून झाले. हीच सोपेपणाची आस वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मध्ये दिसते. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कॅथलिक धर्मगुरूचे मराठी बायबल सर्वसाधारण मराठी वाचकाच्या कपाटात जाऊन बसले, हे स्टीफन्सना आवडले असते.

आज सगळे मिटले आहे असे मात्र नाही. ऑग्सबुर्गमध्ये ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक आणि लुथेरन यांनी तारणाविषयीच्या जुन्या भांडणावर संयुक्त निवेदन केले, आणि पुढच्याच वर्षी रोमहून निघालेल्या दस्तऐवजात धर्मसुधारणेतून आलेले पंथ खऱ्या अर्थाने ‘चर्च’ नव्हेत असे लिहिले गेले. अनेक प्रोटेस्टंट मित्रमैत्रिणींना ते लागले. मलाही लागले. चर्चच्या शिकवणीशी मी बांधलेली आहे आणि प्रेषितीय परंपरा, धर्माधिकाऱ्यांचा दीक्षाविधी, यांवरचा तो मुद्दा मला कळतो. तरी ज्या पंथाने आपल्याला टिळकांची भजने आणि रमाबाईंचे बायबल दिले त्याला उणे नाव देताना माझी जीभ अडते. युखरिस्ट अजूनही आम्ही एकत्र घेऊ शकत नाही. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींतून ती एकी साधली, तेव्हा चिकाटीला फळ येते हे इथल्याच मातीत सिद्ध झाले आहे.

प्रायश्चित्तकाळात मी संध्याकाळी ख्रिस्तपुराण वाचते, शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून काढलेल्या देवनागरी आवृत्तीतून. सुरुवातीला अडखळायला होई. कोकणी शब्द, जुनी विभक्ती, मध्येच पोर्तुगीज. एका ओवीवर अर्धा तास जाई. आता लय सापडली आहे आणि मोठ्याने म्हटले की बरेचसे आपोआप कळते. जानेवारीत १८ ते २५ तारखेला एकीच्या प्रार्थनेचा आठवडा येतो. आमच्याकडे तो बहुधा एका संयुक्त प्रार्थनेवर आणि चहावर आटोपतो. त्यातली एक संध्याकाळ वसईत आणि एक अहमदनगरला, दोन्ही पंथांच्या माणसांनी मिळून ख्रिस्तपुराणाच्या ओव्या आणि टिळकांचे अभंग म्हणण्यासाठी ठेवावी, असे पत्र मी यंदा आमच्या पॅरिशच्या फादरांना दिले आहे. मार्सडेन प्रतीतला एक अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि मंगळूरच्या प्रतीतला तोच अवस्वरू, असे दोन्ही पाठ म्हणावेत. नगरहून कोण येईल ते अजून ठरायचे आहे.