सातव्या गल्लीतलं 'निसर्ग'

कोल्हापूरच्या सिनेमाची सुरुवात कुंचल्यापासून झाली, हे आपण फार लवकर विसरलो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. त्याच हातांनी त्यांनी कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ मध्ये इथंच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली, चार वर्षांत पुण्याला गेली. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या, १९४८ च्या जाळपोळीत होरपळला, भालजींनी तो पुन्हा उभा केला. त्या काळाच्या वास्तू एकेक करून विरत गेल्या. मात्र राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत एक घर आजही तो काळ सांभाळून आहे.

ते घर नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं. जन्म १९१३ चा. बाबूरावांच्या १९३६ च्या बोलक्या 'सावकारी पाश'मधून ते लोकांसमोर आले. पुढं १९४१ च्या 'शेजारी'त दिसले, आणि भालजींच्या 'छत्रपती शिवाजी'त (१९५२) महाराज झाले. धाकटे भाऊ सूर्यकांत हेही नायक. एका घरातले दोघे भाऊ मराठी पडद्यावर तळपावेत, ही गोष्ट साधी नव्हे.

चंद्रकांतांची खरी ओढ मात्र रंगांची. 'पावडर शेडिंग' हे त्यांचं खास तंत्र: पाणी नाही, तेल नाही, कोरडी रंगीत पूड कागदावर हातानं घासत घासत झाडं, ओढे, डोंगर उभे करायचे. त्यातून धुक्यातली झाडी अशी उतरते की मला ती त्यांच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा मोठी वाटते. घराचं नावही त्यांनी 'निसर्ग' ठेवलं.

हे राहतं घर त्यांनी चित्रांसह महाराष्ट्र शासनाच्या हाती दिलं. पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय आता ते कलासंग्रहालय म्हणून चालवतं. अनेक नटांच्या पश्चात उरतात वर्तमानपत्रातली कात्रणं. मांडऱ्यांनी आपल्या हयातीतच उंबरठा लोकांसाठी मोकळा केला. २००१ साली ते गेले. घर तिथंच आहे.

कोल्हापूरकरांना एकच विनंती: अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा हे सगळं पाहुण्यांना दाखवताना एक तास सातव्या गल्लीसाठी ठेवा. चित्रं काढणारं पोर घरात असेल, तर त्याला आधी न्या.