सातव्या दिवसाचं ऊन

मे महिन्याच्या मध्यावर, रविवारी रात्री, मोबाईलमधल्या हवामानाच्या अॅपमध्ये 'अक्कलकोट रोड एमआयडीसी' टाकून बघावं. सोलापूर शहर नाही, जिल्हा नाही, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची एक वसाहत फक्त. तरी सात दिवसांचे सात आकडे हजर होतात. समजा सोमवारी ४१, मंगळवारी ४२, मग तीन दिवस तेच, आणि शनिवारी ३९. शिवाय शनिवारच्या सूर्यापुढे एक बारकासा ढग. आपण उसासा टाकतो आणि कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठतो. पुढच्या शनिवारी ज्या हवेनं आपल्याला घाम फुटणार आहे ती हवा या क्षणी कुठे असेल, हा विचार सहसा मनात येत नाही.

हिशोब करून बघू. जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंचीवर वारा ताशी ३६ किलोमीटर वेगानं वाहतोय असं धरलं, आणि हा काही फार मोठा वेग नव्हे, तर तो दिवसाला साडेआठशे किलोमीटर कापतो. आठवड्याला सहा हजार. सोलापूरहून पश्चिम-वायव्येकडे तेवढं मागे जात राहिलं तर अरबी समुद्र, अरबस्तान, इजिप्त असं ओलांडत आपण भूमध्य समुद्रावर पोचतो. वारा असा सरळ रेषेत येत नाही, वळणं घेतो, वरखाली होतो, हे खरंच. पण सोलापूरचा शनिवार सांगायचा तर आज सोलापुरात काय चाललंय एवढं कळून भागत नाही, अर्ध्या जगाची खबर लागते, हे त्यातून कळतं.

ती खबर रोज गोळा होते. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळात रात्री बाराला आणि दुपारी बाराला, जगभरातल्या शेकडो ठिकाणांहून एकाच सुमारास फुगे आकाशात सोडले जातात. आपल्याकडे मुंबई, गोवा, हैदराबाद, नागपूर इथून. फुग्याला लटकवलेली डबी तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत वर जाते आणि शेवटी फुगा फुटतो. त्यात उपग्रह, समुद्रात तरंगणारे बोये, जहाजं आणि विमानं यांची भर पडते. या साऱ्या मोजमापांतून पृथ्वीभोवतीच्या हवेचं एक चित्र तयार होतं. मग ती हवा चौकोनांत कापायची आणि प्रत्येक चौकोनासाठी गती, दाब, उष्णता, बाष्प यांची समीकरणं सोडवत काही मिनिटांनी पुढे सरकायचं. पुन्हा सोडवायची, पुन्हा सरकायचं. असं करत शनिवार गाठायचा.

हे हातानं करून बघणारा एक माणूस होऊन गेला. लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात काम करता करता त्यानं २० मे १९१० या एका दिवसाचं, म्हणजे तेव्हा होऊनही गेलेल्या दिवसाचं, सहा तासांचं भाकीत कागदावर मांडलं. उत्तर आलं की हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारनं बदलेल. प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हलला नव्हता. गडी खचला नाही. १९२२ साली ही फसलेली आकडेमोड त्यानं पुस्तकात जशीच्या तशी छापली, आणि ६४ हजार माणसं एका प्रचंड गोल दालनात बसून जगाचं हवामान आकडे मोडून काढताहेत, अशी कल्पनाही मांडली.

ते दालन आता पुण्यात पाषाणला आहे म्हणायला हरकत नाही. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, २०२४ च्या सप्टेंबरात 'अर्क' नावाचा महासंगणक सुरू झाला. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून जास्त गणितं. याच संस्थेनं बांधलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हवेचे सुमारे सहा किलोमीटरचे चौकोन पाडते. तिचं उद्घाटन २६ मे २०२५ ला झालं, आणि योगायोग असा की नेहमीपेक्षा कितीतरी आधी आलेल्या मान्सूनची सीमारेषा त्याच दिवशी मुंबई, पुणे, सोलापूर अशी गेली होती.

सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे अक्कलकोट रोडची अख्खी एमआयडीसी एका घरात, भोवतालच्या वस्त्या आणि काळी रानं यांच्यासकट. अॅपमधला आकडा अशाच एखाद्या चौकोनाचा, किंवा शेजारच्या चार चौकोनांचा मेळ घातलेला. अमुक कारखान्याच्या दारातला नव्हे. आणि तोही सावलीतला, माणसाच्या डोक्याच्या आसपासच्या उंचीचा. वेधशाळांत तापमापक ठेवतात ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरनं घडवली. दीपगृहं बांधणं हा त्याचा मूळ धंदा. पत्र्याखाली, चालू मागाशेजारी उभं राहिलं तर या ४२ च्या आकड्याशी आपली भेट होत नाही.

सोमवारच्या ४१ वर मी डोळे झाकून विश्वास ठेवीन. शनिवारच्या ३९ वर नाही. एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाला १९६१ साली याचं कारण अवचित सापडलं: संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं, आणि थोड्याच अवधीत बनावट आकाशातलं हवामान भलतीकडे गेलं. दोन आठवड्यांच्या आसपास कुठेतरी रोजच्या हवामानाचा अंदाज हात टेकतो, तो यामुळेच. म्हणून आता एकच भाकीत करत नाहीत. सुरुवातीचे आकडे मुद्दाम किंचित इकडेतिकडे करून तीच गणितं पुन्हा पुन्हा सोडवतात. आपल्या हवामान खात्याकडे अशी २१ भाकितं एका वेळी चालतात, युरोपच्या केंद्रात ५१. सोमवारी ती सगळी एकमेकांना चिकटून असतात. शनिवारपर्यंत पांगतात. काहींत सोलापूरवर वळीव कोसळतो, काहींत ४३ चं कोरडं ऊन पडतं. पडद्यावरचा बारका ढग म्हणजे या पांगलेल्या शनिवारांची बेरीज. 'पावसाची शक्यता ३० टक्के' याचा अर्थही तोच: साधारण तीसेक टक्के शनिवारांत इथे पाऊस आहे.

आगाऊ सांगण्याची हौस या गावाला जुनी आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होमानंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून वर्षाचा पाऊस आणि महागाई सांगितली जाते. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं ते वेगळंच. त्या मानानं सात दिवसांवर थांबणारं शास्त्र भलतंच विनयशील आहे.

सोलापूरचा पारा सांगणं तसं सोपंच. १० मेच्या आसपास दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. काळी जमीन तोवर तडकून सुकलेली असते, वाफ व्हायला तिच्यात पाणीच नसतं, मग आलेली उष्णता सगळी हवा तापवण्यात जाते. निरभ्र रात्री तीच जमीन उष्णता झटकन आकाशाला परत देते. चाळीस-बेचाळीसवरून पहाटे पंचविशीपर्यंत उतरणं हा इथला नेम.

अवघड आहे तो वळीव. या दिवसांत मराठवाड्यावरून आतल्या कर्नाटकाकडे एक अदृश्य सीमा पसरलेली असते: एका बाजूला वायव्येची कोरडी हवा, दुसऱ्या बाजूला समुद्राकडून आलेली दमट. ती सीमा पन्नास किलोमीटर सरकली की अक्कलकोटला गारा आणि सोलापूरला नुसती धूळ. ढगाचा तळ किती उंच असेल ते सांगणारा एक झटपट आडाखा आहे: तापमान आणि दवबिंदू (म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला सव्वाशे मीटर. ४२ अंश आणि दवबिंदू १४ असेल, तर तळ साडेतीन किलोमीटरवर. एवढ्या उंचीवरून निघालेला थेंब तापल्या हवेतून पडता पडता वाटेतच उडून जातो. दूरवर ढगाखाली पावसाची झालर लोंबताना दिसते आणि ती जमिनीला टेकत नाही. मात्र थेंबांची वाफ होताना गार झालेली जड हवा खाली आदळते आणि चहूकडे धावते. वळवाआधीचं ते धुळीचं वादळ म्हणजे न पोचलेल्या पावसाचाच उद्योग. ढग इतके कंजूष म्हणूनच की काय, आयआयटीएमनं कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी सोलापूर निवडलं. इथे रडार बसवून २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत विमानांनी ढगांत बीजं पेरली, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मोजला गेला.

एमआयडीसीतल्या मागाला या सगळ्यातून एकाच गोष्टीशी देणंघेणं आहे: हवेतल्या पाण्याशी. सुताचं वेगळेपण हे की ते ओलं असताना जास्त मजबूत असतं. हवा कोरडी पडली की धाग्यातलं पाणी निघून जातं, धागा ठिसूळ होतो, त्यावरचा तंतूंचा भुरका सुटून शेडमध्ये तरंगतो. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एकाचा धागा ताठ, दुसऱ्याचा सैल, आणि त्या सैल धाग्यातून टॉवेलचे ते मऊ फासे उठतात. धागा तुटला की माग थांबवून कामगार टोक शोधतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. नगावर मजुरी असेल तर प्रत्येक गाठ त्याच्या खिशातून जाते. म्हणून मोठ्या कारखान्यांत फवाऱ्यांनी हवा ओलावतात, लहान शेडमध्ये फरशीवर पाणी मारतात. बाहेर वीस टक्के आर्द्रता, आत सत्तर-पंच्याहत्तरची धडपड. म्हणजे दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून कोसो दूर, पत्र्याखाली कोकण तयार करायचं.

आणि कोकणातला उकाडा काय असतो ते कोकणातल्यांना विचारावं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की घाम किती गारवा देऊ शकतो ते कळतं. सोलापुरात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना हे ओलं तापमान २४ च्या आसपास येतं. माठ आणि कूलर इथे चालतात ते त्यामुळे. रत्नागिरीत ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर तेच २९ भरतं. आठ अंशांनी थंड गाव अंगाला जास्त जड. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून आणि किनाऱ्यावर ३७ पासून सुरू करतं. माझं मत विचाराल तर या वसाहतीसाठी अॅपनं मोठ्या अक्षरांत कमाल तापमान दाखवण्यापेक्षा दवबिंदू दाखवावा. पारा सगळ्यांनाच कळतो. शेडमधली हवा कुणी सांगत नाही.

आता तो शनिवार पुन्हा बघा. पारा ४२ वरून ३९ वर येणार म्हणून हायसं वाटतं. पण तो उतरतोय कशानं, तर समुद्राकडची दमट हवा आत शिरल्यानं. समजा दवबिंदू १४ वरून २० वर गेला. ढगाचा तळ साडेतीन किलोमीटरवरून अडीचच्याही खाली आला. थेंबाचा प्रवास किलोमीटरभरानं तुटला, तेव्हा या वेळी पाऊस जमिनीला लागण्याची आशा आहे. मागावरचा धागा कमी तुटेल. आणि ओलं तापमान मात्र २४ वरून २६ वर चढलेलं असेल, म्हणजे अॅपमध्ये आठवड्यातला सर्वांत गार दिसणारा दिवस मागाशेजारच्या माणसाला सर्वांत जास्त घामाचा जाईल.