यॉर्कचे नाटकी गाडे व सामानाची एक याद

मध्ययुगीन युरोपांत नाटक कोणत्या रीतीनें खेळलें जाई, हें ठरवितांना अभ्यासक बहुधा संहितेवर विसंबतात. परंतु पात्रें काय बोललीं एवढेंच संहिता सांगते. प्रयोग कसा दिसे, हें समजण्यास हिशेबाचे कागद लागतात, असें आमचें मत आहे. इंग्लंडांतील यॉर्क नगराचा दाखला या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगा आहे.

यॉर्क येथें कॉर्पस ख्रिस्ती या सणाच्या दिवशीं सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची ख्रिस्ती कथा खेळत. नाटकगृह नव्हतें. एकेक प्रवेश एकेका व्यवसायसंघाकडे नेमून दिलेला असे. नोहाचें तारूं बांधण्याचा प्रवेश जहाजें बांधणाऱ्यांकडे, तर ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचा पाव भाजणाऱ्यांकडे होता. संघाचा गाडा नेमल्या ठिकाणीं थांबे, प्रवेश होई, व तो पुढें जातांच मागला गाडा तेथें येई. प्रेक्षक स्थिर व रंगभूमि फिरती, असा हा प्रकार होता. इ. स. १३९९ च्या कागदांत अशीं बारा ठिकाणें नोंदलीं आहेत. इ. स. १४१५ त नगरलेखक रॉजर बर्टन यानें संघवार प्रवेशांची यादी केली. तिच्यासोबतच्या जाहीरनाम्यांत, नटांनीं पहाटे साडेचारास गाड्यावर सिद्ध असावें, अशी ताकीद आहे.

या नाटकांचें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत असून तें ल्यूसी टूलमिन स्मिथ यांनीं इ. स. १८८५ त छापून प्रसिद्ध केलें. त्यांत संवाद विपुल, पण रंगसूचना त्रोटक आहेत. अंतिम न्यायाच्या प्रवेशांत देव स्वर्गांतून भूमीवर येतो. पण गाड्यावर हें कसें साधत, याचा उलगडा त्यांतून होत नाहीं.

तो उलगडा व्यापारीसंघाच्या ११ जून १४३३ च्या करारपत्रानें होतो. अलेक्झांड्रा जॉन्स्टन व मार्गारेट डोरेल यांनीं तें इ. स. १९७१ त प्रसिद्ध केलें. संघानें गाड्याच्या कारभाऱ्यांच्या हवालीं केलेल्या सामानाची याद त्यांत आहे: चार चाकांचा गाडा, नरकाचें मुख, सैतानांचे पोशाख, देवाचा जखमांच्या खुणांचा सदरा व सोनेरी मुखवटा. शिवाय देवानें बसून वर जाण्याची लोखंडी बैठक, तिला चार कोपऱ्यांस चार दोर; आणि तांबडे रंगविलेले नऊ लहान देवदूत व त्यांस स्वर्गांत फिरविणारी लांब बारीक दोरी.

यावरून गाड्यावर उंच स्वर्ग उभारलेला असून बैठक वरखालीं करण्याची सोय होती, हें उघड आहे. हा गाडा म्हणजे उघडी बैलगाडी, अशी कल्पना कोणाची असल्यास ती येथें टिकत नाहीं. लिहिणाऱ्यास नाट्येतिहास लिहावयाचा नव्हता. दिलेली वस्तु परत मिळावी, एवढाच त्याचा हेतु. म्हणूनच त्याची साक्ष विश्वसनीय होय.

इ. स. १५६९ त त्या परंपरेंतील अखेरचा प्रयोग झाला. गाडे नाहींसे झाले, याद मात्र उरली. तेव्हां जुनें दप्तर हातीं येतांच पोथी तेवढी उचलून सामानाच्या यादी रद्दींत घालूं नयेत, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.